डेस्मंडचं नाक

शनिवारी सव्वादहाच्या गाडीला आम्ही चौघे,
मॉइरा, क्लाइव, डेस्मंड आणि मी, त्याचा मेहुणा.
हडर्सफील्ड सोडलं की दरी अरुंद होत जाते,
कालवा, रूळ आणि रस्ता एकमेकांना खेटून चालतात,
आणि दर स्टेशनाला एखादा तरी पब
आपली बिअर आपणच उकळतो.
दर नोव्हेंबरात आम्ही ती चाखत जातो,
अर्धा-अर्धा ग्लास, मध्ये चीज-कांद्याचे वेफर्स.
बावीस वर्षांचा नेम.

डेस्मंडचं नाक मार्चमध्ये गेलं.
म्हणजे चेहऱ्यावर आहे, चांगलं ठसठशीत आहे,
पण त्या तापानंतर त्यातून आत काही येत नाही.
एकतीस वर्षं माल्टच्या भट्टीवर काढलेला माणूस.
मूठभर जव नाकाशी नेऊन सांगायचा
शेत टेकडीच्या कुठल्या अंगाचं.
इतकी वर्षं आम्ही त्याच्याच नाकाने प्यायलो.
तो म्हणाला संत्र्याची साल,
की आम्हाला संत्र्याची साल लागायची.

पहिल्या पबात त्याने घोट घेतला.
“गार आहे,” म्हणाला. “ओली आहे. फुगे आहेत.”
आणि ग्लास खाली ठेवला.
“आता तुम्ही सांगा.”

क्लाइव छपरांवर दगडी पाट्या बसवतो,
त्याचे शब्द खिळ्यांसारखे, दातांत धरलेले.
“बरी आहे,” तो म्हणाला.
“कडू,” मी म्हणालो.
मॉइरा “छान” म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या पबात फिलिपाने लाकडी फळीवर
चार छोटे ग्लास आणून ठेवले:
फिकट, तांबूस, तपकिरी, काळी.
मॉइराने डोळे मिटले. तिने शाळेची बस चालवली आहे
गुडघे जाईपर्यंत.
“फिकट आहे ना, ती म्हणजे सकाळी
बसचं दार उघडल्यावर आत येणारी पोरं.
ओले केस, आणि कुणाच्या तरी डब्यातलं सफरचंद.”
डेस्मंड हसला नाही.
“हिरवं की पिकलेलं?”
“हिरवं. एक चावा घेऊन ठेवून दिलेलं.”
“मग घाई केलीये. अजून आठवडाभर
पिंपात हवी होती.”
काउंटर पुसणारा फिलिपाचा हात थांबला.
“सोमवारीच उघडणार होते,” ती म्हणाली,
“पण गिऱ्हाईक थांबतं का?”

तिसरा पब बंद गिरणीच्या रंगखात्यात.
भिंतींवर निळ्याचे ओघळ अजून आहेत.
तिथली काळी बिअर क्लाइवने
इतका वेळ तोंडात धरली
की आम्हाला वाटलं दाढ दुखतेय.
“छप्पर उसवलं की,” तो म्हणाला,
“शंभर वर्षांची काजळी खाली येते.
जिभेवर बसते. ती. पण कुणीतरी तिच्यावर
काकवी ओतलेली.”
आणि मग तो थांबेचना.
काकवीवरून रोझलिनच्या आईच्या चुलीवर गेला,
चुलीवरून रोझलिनवर,
जिचं नाव चौदा वर्षं त्याच्या तोंडून
आम्ही ऐकलं नव्हतं.
नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतात.
इथे नाक एकाचं दाबलेलं,
तोंड भलत्याचंच उघडलं.
तीन-चाळीसची गाडी गेली. कुणी उठलं नाही.

शेवटचा पब फलाटावरच, जुन्या प्रतीक्षागृहात.
डेस्मंडने आपला ग्लास माझ्यापुढे सरकवला.
“तुझं राहिलंय.”
मी दिवसभर कडू, कडू करत आलेलो.
घोट घेतला. छताकडे पाहिलं.
“संत्र्याची साल,” मी म्हणालो.
“खोटं,” तो म्हणाला. “ते माझं आहे.
आणि हिच्यात संत्रं नसतं.”
“मग कडू.”
“कसं कडू?”
तेवढ्यात गाडी आली, मी सुटलो.

मॉइरा खिडकीला टेकून झोपली.
क्लाइव घोरला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच
बोलून दमला होता.
डेस्मंड आपल्या हाताच्या मागच्या बाजूचा
वास घेऊन पाहत होता,
कुणी बघत नाही असं समजून.

रात्री दोनला मला सुचलं.
पाकिटाच्या कडेचा डिंक,
जिभेने ओला करतो तो.
फोन लावला. दुसऱ्या घंटीला उचलला त्याने,
म्हणजे जागाच होता.
मी सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही, नुसता श्वास.
मग म्हणाला,
“पाकिटात काय घातलं होतंस?”